परभणीचा उन्हाळा आणि माझं कॅबिनेट : तिसरी नोंद

आधीच्या दोन नोंदींत मी फक्त माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं तापमान लिहीत होतो. त्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. सकाळी सहाला २९ असतं, दुपारी तीनला ३८. आणि फॅन कितीही लावा, हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. म्हणून टेबलाशेजारी साधा थर्मामीटर टांगलाय. आता खोली आणि प्रोसेसर यांतला फरक लिहितो.

मशीन तेच, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेला छोटा कूलर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. चाचणी सिनेबेंच आर२३ची, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवणाऱ्या प्रोग्रामची, दहा मिनिटं, भर दुपारी.

सुरुवातीला खोली ३७, प्रोसेसर ९५. या चिपची मर्यादाच ९५ आहे. तिथे पोचली की ती आपणहून वेग उतरवते.

आधी साफसफाई. कूलर काढताना जपा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेली पेस्ट वाळलेली असली तर ही चिप कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येते. मी पंधरा मिनिटं मशीन तापवलं, बंद करून वायर काढली, चारही स्क्रू सोडले आणि कूलर हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवत सोडवला. आत पात्यांमध्ये घोंगडीसारखा थर होता, काळ्या रानाची धूळ आणि तिच्यात गुंतलेला कापूस. चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी निघाली. नवी पेस्ट लावल्यावर ९१.

मग २८० रुपयांचे दोन १२० मिमी फॅन कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत ओढायला. फरक जेमतेम एका अंशाचा. पुढची काच काढून बघितली तर ८६! काचेला कडेने बोटभरसुद्धा फट नाही, फॅन हवा घेणार कुठून? काच माळ्यावर टाकली, तिच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली. जाळीने एक अंश वाढला, पण आमच्याकडच्या धुळीत तो सोसायलाच हवा.

वरच्या बाजूला पुढे तिसरा फॅन लावून पाहिला, हवा बाहेर फेकणारा. आलेली गार हवा कूलरपर्यंत जाण्याआधीच तो बाहेर टाकत होता. काढला.

या खेपेला सगळ्यात कामाची ठरली आईच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती. मागच्या फॅनजवळ धरली तर धूर भिंतीला आपटून टेबलाच्या कडेने वळला आणि पुढच्या जाळीतून परत आत शिरला! मशीन स्वतःचीच गरम हवा पीत होतं. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. खोली ३७, प्रोसेसर ८३. फरक ४६.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरची ६५ वॉटची मर्यादा ४५ वर आणली, तेव्हा ७२ झालं. व्हिडिओ रेंडर थोडं लांबतं, गेममध्ये मला काहीच जाणवलं नाही. मे महिनाभर असंच ठेवणार.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर घेऊ नका. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर धरतो, तोच मला पुढच्या फॅनच्या पात्यांवर बोटाला लागला. कूलर आता खिडकीत, तोंड दाराकडे. पुढच्या रविवारी जाळी धुऊन पुन्हा मोजतो.