तिसरा नोड सकाळच्या नऊमध्येच अडकला होता

कुबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) क्लस्टरचा कंट्रोल प्लेन, म्हणजे बाकीचे नोड सांभाळणारा भाग, दुपारी उभा राहिला. पहिले दोन वर्कर नोड (प्रत्यक्ष काम करणारी मशीनं) दोन-दोन मिनिटांत जॉइन झाले, तिसरा मात्र काही केल्या येईना. कमांड तीच, इमेज तीच, नेटवर्क तेच.

कुबरनेटिसमध्ये असं झालं की माझा हात आधी टोकनकडे जातो, कारण क्युबअॅडमचं (क्लस्टर उभारणाऱ्या टूलचं) टोकन, म्हणजे नोडला आत घेणारी चावी, 24 तासांत संपतं. इथलं टोकन दुपारचंच होतं, तरी नवं काढलं. फरक नाही. कंट्रोल प्लेनच्या 6443 पोर्टवर नोडवरून जोडणी होत होती, स्वॅप (मेमरी कमी पडली की डिस्क वापरणं) बंद होता. सहकारी म्हणाला, "ताई, रीसेट मारून परत करू या." मी तो आधीच दोनदा मारला होता. रीसेटने नोड कोरा होतो, पण घोडं कुठे अडलंय ते कळत नाही.

मग त्याच कमांडचा तपशीलवार लॉग काढला. त्यात सर्टिफिकेटची तक्रार होती: मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही. मी फक्त 'संपली' एवढंच वाचलं आणि अर्धा तास कंट्रोल प्लेनवरची सर्टिफिकेटं तपासत बसले. काही तासांपूर्वी तयार झालेलं, 10 वर्षं चालणारं सीए (क्लस्टरचं मूळ) सर्टिफिकेट संपेल कसं? त्याच ओळीच्या शेवटी नोडची स्वतःची वेळ छापलेली असते. ती होती सकाळी नऊची. या नोडच्या लेखी आमचा क्लस्टर अजून जन्मालाच आला नव्हता.

हा नोड म्हणजे एक व्हीएम (आभासी मशीन), आणि ती सकाळच्या स्नॅपशॉटवरून (जपून ठेवलेल्या प्रतीवरून) मेमरीसकट परत आणलेली होती. घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारं क्रॉनी चालू दिसत होतं म्हणून मी घड्याळाकडे बघितलंच नाही. पण नेहमीच्या कॉन्फिगमध्ये क्रॉनी सुरू झाल्यावरच्या पहिल्या 3 अपडेटमध्येच वेळ एकदम बदलतं. स्नॅपशॉटमधून उठलेल्या क्रॉनीचे ते 3 अपडेट केव्हाच होऊन गेलेले असतात. त्यानंतर ते घड्याळ हळूहळू सरकवतं, 12 सेकंदांमागे फार तर 1 सेकंद. पाच तास भरून काढायला अडीच दिवस लागले असते.

क्रॉनीला मेकस्टेप (वेळ एकदम बदलायची कमांड) दिला, जॉइन परत चालवलं, मिनिटभरात नोड यादीत आला. थोडा वेळ 'नॉट रेडी' दिसला, पण सीएनआयचा (नेटवर्क जोडणाऱ्या भागाचा) पॉड उठेपर्यंत तसं दिसतंच. ते जॉइनचं अपयश नव्हे.

सहकाऱ्याचं म्हणणं होतं की क्रॉनीला कधीही वेळ उडवायची मुभा कायमची देऊन टाकावी. मला ते पटत नाही. चालू ईटीसीडीखालचं (क्लस्टरचा डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसखालचं) घड्याळ अचानक तासांनी उडालेलं मला नको आहे. त्याऐवजी स्नॅपशॉट परत आणणाऱ्या स्क्रिप्टमध्ये क्रॉनी रीस्टार्टची एक ओळ घातली, आणि जॉइनच्या आधी सगळ्या नोडवरची वेळ शेजारीशेजारी छापून बघते.