बागबाजारचा हिशेब

हॉटेलात उतरलेल्या माणसाचा निरोप काउंटरवर किल्ली ठेवली की संपतो. कोलकात्याचा निरोप घ्यायला मला चार दिवस लागले, आणि त्याचे कारण मी तिथे काटकसरीने राहिले, हेच होते. डिसेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात मी उत्तर कोलकात्यातील बागबाजार या जुन्या वस्तीत, एका घराच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली महिना सात हजार रुपयांनी घेतली आणि २५ फेब्रुवारी २०२३ रोजी ती सोडली. भाषांतराचे काम कुठेही बसून करता येते, त्यामुळे कामाची अडचण नव्हती. खोलीभाडे सोडून रोजचा खर्च तीनशे रुपयांच्या आत ठेवायचा, एवढे एकच बंधन मी घालून घेतले होते. पैसे बेताचे असले की रोज त्याच टपरीवर चहा घेतला जातो, त्याच खानावळीत जेवले जाते, टॅक्सीऐवजी पायी जावे लागते, आणि महिनाभरात गल्लीतल्या माणसांना तुमच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ होतात.

जेवणासाठी मी पाइस हॉटेलात जात असे. एके काळी काही पैशांत पोटभर जेवण देणाऱ्या या खानावळींना ते नाव तेव्हापासूनच चिकटले आहे. दाराशी टांगलेल्या फळ्यावर त्या दिवशीचे पदार्थ आणि त्यांचे भाव खडूने लिहिलेले असतात. भात, डाळ, भाजी, मासा यांचे भाव तर वेगळे असतातच, पण जेवायच्या केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचे पैसेही वेगळे लावतात. पहिल्या दिवशी मला हा कंजूषपणा वाटला. आठवड्याभरात उलगडा झाला की, ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत त्याने नको असलेल्या गोष्टीचा एक रुपयाही भरू नये, अशी ही सोय आहे. ठरीव थाळीपेक्षा ही पद्धत मला आजही अधिक न्याय्य वाटते. कोणी काय खाल्ले हे वाढणारा मनात धरून ठेवतो आणि जेवणारा हात धुऊन येईपर्यंत गल्ल्याकडे ओरडून सांगतो. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला न विचारताच माझ्या पानावर डाळ, बटाट्याची भाजी आणि लिंबाची फोड वाढली, तेव्हा मला या शहरात घर मिळाल्यासारखे झाले.

घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणत असे, म्हणून मीही तसेच म्हणू लागले. आपल्याकडच्या मावशीला तो शब्द इतका जवळचा आहे की, तो उच्चारताना कधी अवघडल्यासारखे झाले नाही. मी महाराष्ट्रातली आहे हे कळताच त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे बारगी आली!" बंगालमध्ये मुलांना निजवण्यासाठी अजूनही म्हटल्या जाणाऱ्या अंगाईत बारगी देशात आल्याचे आणि धान्य पाखरांनी खाल्ल्यामुळे आता सारा कसा भरायचा, या चिंतेचे वर्णन येते. हे बारगी म्हणजे आपले बारगीर, म्हणजेच स्वतःचा घोडा नसलेले आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारे स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात होत्या. त्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खोदायला घेतला गेला. सात मैलांच्या बेतापैकी सुमारे तीन मैल खोदून झाले आणि मराठे कोलकात्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मात्र 'मराठा डिच लेन' ही गल्ली त्या नावानिशी आजही आहे. शाळेत अभिमानाने वाचलेल्या मोहिमेची आठवण दुसऱ्या प्रांतातल्या आईच्या तोंडी भीती म्हणून उरली आहे, हे मला पुस्तकातून कधी जाणवले नव्हते. त्या गल्लीवरून मी रोज भाजी आणायला जात असे, आणि तिथे माझी पावले आपोआप मंदावत असत.

संक्रांतीला आईने पाठवलेला तिळगूळ मी माशीमांना दिला आणि "गोड बोला" म्हणण्यामागचा अर्थ माझ्या मोडक्या बंगालीत सांगितला. त्यांनी नव्या खजुरी गुळाच्या, म्हणजे नोलेन गुडाच्या पाकात शिजवलेले खोबरे भरलेल्या पाटीशाप्ता, म्हणजे पातळ धिरड्यांच्या गोड गुंडाळ्या, एका स्टीलच्या डब्यात घालून दिल्या. त्याच दिवशी मी बाजारातून बोरे आणली, तर त्यांनी मला ती खाऊ दिली नाहीत. सरस्वतीपूजेपूर्वी विद्यार्थ्यांनी बोरे खायची नसतात, आणि तू बंगाली शिकते आहेस म्हणजे विद्यार्थिनीच आहेस, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे संक्रांतीपासून मुलांना बोरन्हाण घालतात, असे सांगितल्यावर त्या चकित झाल्या. पण बोरे काही त्यांनी परत दिली नाहीत. २६ जानेवारीला, पूजेच्या दिवशी, गल्लीतल्या मांडवात खिचडीचा प्रसाद घेतल्यावर त्यांनी स्वतः वाटीभर ताजी बोरे माझ्या हातावर ठेवली.

निरोपाचे चार दिवस हिशेबाचे होते. इस्त्रीवाल्याचे पैसे, चहाच्या टपरीवरचे आठवड्याचे खाते, वर्तमानपत्राचे बिल. जानेवारीत जिथे सरस्वतीच्या शेकडो मूर्ती दाटीवाटीने उभ्या होत्या, त्या जवळच्या कुमारटोली या मूर्तिकारांच्या वस्तीत एकदा जाऊन आले. कारागीर आता पुढच्या मूर्तींसाठी पेंढ्याचे सांगाडे बांधत होते. २४ फेब्रुवारीला कोलकात्यात पहिल्यांदा ट्राम धावली त्याला दीडशे वर्षे झाली. १८७३ साली ती घोडे ओढत असत, विजेची ट्राम १९०२मध्ये आली. मुंबईने आपली ट्राम १९६४ साली बंद केली, त्यामुळे माझ्या पिढीला ती आजोबांच्या बोलण्यातूनच ठाऊक आहे. त्या दिवशी मी एस्प्लनेडहून गडियाहाटपर्यंत ट्रामने गेले आणि तशीच परत आले. कामाचे काही नव्हते. चाकांचा तो घरघराट कानात पुरेसा साठवून घ्यावा, एवढीच इच्छा होती.

शेवटच्या सकाळी टपरीवरच्या दादांनी मातीच्या भांड्यातला चहा पुढे केला आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, "दिदी, खाते पूर्ण मिटवू नका." पिशव्या घेऊन मी जिना उतरले आणि माशीमांना वाकून नमस्कार करताना सहज "जाच्छी" म्हणून गेले. त्यांनी माझा हात धरला. जाते म्हणायचे नसते, "आश्छी" म्हणावे, असे त्यांनी सांगितले. आमच्या आजीनेही दारातून "जाते" म्हणणाऱ्या प्रत्येक नातवंडाला थांबवून "येते म्हण" असे शिकवले होते. मी त्यांच्याकडे बघून दोन्ही भाषांत एकापाठोपाठ म्हटले, "आश्छी. येते."

घाटावरून लाँचने हावडा आणि तिथून दुपारची गीतांजली एक्सप्रेस. कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर १९७७मध्ये, ही गाडी एकाच वर्गाची म्हणून सुरू झाली होती. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या, त्याही त्यांच्याच काळात. स्लीपरच्या वरच्या बर्थवर आडवे होताना मला त्यांची कृतज्ञतेने आठवण झाली. सकाळी नागपूर आले. बारगीरांना जी वाट तुडवायला कितीतरी दिवस लागले असतील, ती मी एका रात्रीत उलट दिशेने पार केली होती.

नागपूर सोडल्यावर मी पिशवी उघडली. पाटीशाप्तांचा तो स्टीलचा डबा मी आदल्या संध्याकाळी घासून, त्यात बेसनाची बर्फी घालून माशीमांना परत केला होता. रिकामा डबा परत देऊ नये, हे त्यांना सांगावे लागले नव्हते. आता तोच डबा माझ्या कपड्यांच्या घडीत होता आणि त्यात नोलेन गुडाचे बारा संदेश, म्हणजे छेन्याच्या मिठाईचे तुकडे, होते.

डबा सध्या माझ्या स्वयंपाकघरात, फळीवर आहे. कोलकात्याला पार्सल पोहोचायला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्यात बेसनाचे लाडू टिकतील. पण माशीमांनी डबा नेहमी माझ्या हातातच दिला होता, म्हणून मी गाडीच्या तारखा बघते आहे.