दर कोणत्या दिवसाचा?

क्वार्टर क्लोजिंग आलं की आमच्या लोअर परळच्या ऑफिसात एकच प्रश्न दिवसातून दहादा ऐकू येतो: डॉलर-रुपयाचा दर कोणत्या दिवसाचा घ्यायचा? खरेदीच्या दिवसाचा, तिमाहीच्या सरासरीचा, की शेवटच्या तारखेचा? मी मीडिया कंपन्यांच्या कन्सॉलिडेशनचं, म्हणजे मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचं काम करते. मोठ्या खरेदीच्या बातमीत जो आकडा ठळक छापतात, त्याच्यापेक्षा पुढची कित्येक वर्षं हा दरच जास्त बोलतो, असं माझं ठाम मत आहे.

स्टार इंडियाचंच घ्या. २० मार्च २०१९ ला डिस्नेने ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सची सुमारे ७१.३ अब्ज डॉलरची खरेदी पूर्ण केली आणि त्यातच मुंबईची स्टार इंडिया डिस्नेकडे आली. तेव्हा डॉलर ६९ रुपयांच्या आसपास होता. पुढे १४ नोव्हेंबर २०२४ ला स्टार आणि रिलायन्सच्या व्हायाकॉम एटीनचा व्यवसाय एकत्र झाला. नव्या कंपनीचं मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरलं गेलं, त्यात डिस्नेचा हिस्सा ३६.८४ टक्के. त्या सुमारास डॉलर ८४ च्या वर गेला होता. मधल्या काळात क्रिकेटचे हक्क केवढ्याला पडले, मोबाइलवर फुकट सामने दाखवणं परवडतं का, यावर रकानेच्या रकाने भरले. रुपयाच्या घसरणीबद्दल फार थोडं वाचायला मिळालं.

कागदावर मांडून बघा. समजा, एखाद्या अमेरिकन कंपनीने ६९ च्या दराने मुंबईतला व्यवसाय घेतला आणि ब्रँड, फिल्म लायब्ररी, प्रक्षेपणाचे हक्क यांची किंमत वेगळी काढल्यावर ६९० कोटी रुपयांचं गुडविल उरलं, म्हणजे या सगळ्याच्या वर मोजलेली जादा किंमत. डॉलरमध्ये दहा कोटी. व्यवसाय आहे तसाच चालू आहे, रुपयातलं गुडविल ६९० कोटीच आहे. दर ८४.४ झाला की त्याच गुडविलचे सव्वाआठ कोटी डॉलरही भरत नाहीत.

आमच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या एका आर्टिकलने हे बघून विचारलं, "मॅडम, गुडविल तर अमेरिकेतल्या कंपनीने पैसे मोजून घेतलं. मग ते डॉलरमध्येच का नाही ठेवायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण आपलं इंडएएस २१ (परकीय चलनाबद्दलचं भारतीय लेखामानक) आणि अमेरिकेचे नियम इथे एकमताने सांगतात की खरेदीतून आलेलं गुडविल विकत घेतलेल्या व्यवसायाचं, त्या व्यवसायाच्या चलनातलं. म्हणून ते दर ताळेबंदाला त्या दिवसाच्या दराने बदलायचं. फरक नफातोट्यात जात नाही, इक्विटीत एफसीटीआर (फॉरेन करन्सी ट्रान्सलेशन रिझर्व्ह) नावाच्या खात्यात साठत राहतो. कंपनीवरचा ताबा सुटला की हा सगळा साठा एकाच तिमाहीत नफातोट्यात उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: विक्रीत मोठा तोटा.

माझा जीव इथे तुटतो. प्रेक्षक घटल्यामुळे किंवा हक्क चढ्या भावाने घेतल्यामुळे गुडविलची किंमत कमी करावी लागली, म्हणजे इम्पेअरमेंट आलं, तर तो धंद्यातला तोटा. तो चालवणाऱ्यांनी मान्य करावा. रुपया घसरल्याचा तोटा हा त्या खरेदीचा निर्णय घेणाऱ्यांचा. गोरेगावात बसून रुपयात जाहिराती विकणाऱ्या माणसांच्या माथी तो मारणं अन्यायाचं आहे. म्हणून बोर्डाच्या नोटमध्ये हे दोन आकडे मी कधीही एका ओळीत जाऊ देत नाही. व्हॅल्युएशनवाल्यांनाही माझं तेच सांगणं असतं: कॅश फ्लो रुपयात असतील तर पुढच्या पैशांची आजची किंमत काढायचा डिस्काउंट रेटही रुपयातलाच लावा. डॉलरचा कमी रेट लावला की किंमत फुगते आणि इम्पेअरमेंट दोन वर्षं लपून राहतं.

भाड्याच्या करारांत तर हा दर आणखी गंमत करतो. १९९१ मध्ये स्टार टीव्ही हाँगकाँगहून एशियासॅट वन या उपग्रहावरून दिसू लागला, तेव्हापासून परदेशी उपग्रहांवरची जागा हा चॅनेल्सचा मोठा खर्च आहे. १ एप्रिल २०१९ पासून इंडएएस ११६ हे भाडेकरारांचं मानक लागू झालं. उपग्रहावरचा अख्खा ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारं उपकरण) फक्त तुमच्यासाठी असेल तर तो लीज, म्हणजे ताळेबंदात मालमत्ता आणि देणं दोन्ही दाखवायचं. दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेले काही मेगाहर्ट्‌झ असतील तर बहुतेक वेळा नुसती सेवा. आता लीजचं देणं १० लाख डॉलर शिल्लक आहे आणि दर ८० वरून ८४ झाला, तर देणं ८ कोटींवरून ८ कोटी ४० लाखांवर जातं. ते ४० लाख थेट नफातोट्यात. त्याच करारातून आलेली मालमत्ता मात्र पहिल्या दिवसाच्या दरावरच राहते. गुडविलचा फरक इक्विटीत मुकाट्याने साठतो, इथे तोच रुपया त्याच तिमाहीत चटका देतो.

आणि मुंबईचा खास मामला म्हणजे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स भाडेकरार. स्टुडिओच्या फ्लोअरचा करार अकरा महिन्यांचा, म्हणून छोट्या मुदतीचे करार ताळेबंदाबाहेर ठेवण्याची बारा महिन्यांपर्यंतची सूट लावून मोकळं व्हावं, असा प्रॉडक्शन अकाउंट्सचा आग्रह असतो. मी एकदा असा एक फ्लोअर बघून आले. आत अख्ख्या वाड्याचा चौक उभा होता. प्लायच्या भिंतींवर शेणाने सारवल्यासारखा रंग, फायबरचं तुळशीवृंदावन, आणि वर छताला बोल्टने पक्का केलेला लायटिंगचा सांगाडा. रोजची मालिका, ऑर्डर पुढच्या वर्षाचीही. हा सेट मोडून दुसरीकडे उभा करायचा तर खर्चही होणार आणि शूटिंगही थांबणार. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयएफआरएसच्या (आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या) इंटरप्रिटेशन्स कमिटीनेही हेच सांगितलं की करारातली तारीख तेवढी बघू नका, सोडून जाण्याचं आर्थिक नुकसानही मोजा. आम्ही मुदत मालिकेच्या ऑर्डरएवढी धरली. प्रॉडक्शनवाले नाराज झाले, पण वाड्याचे फोटो फाइलला लावल्यावर ऑडिटरने एकही प्रश्न विचारला नाही.

हाच फ्लोअर अमेरिकेतल्या मूळ कंपनीला त्यांच्या नियमांनी पाठवायच्या हिशेबात वेगळा दिसतो. आपल्याकडे घसारा आणि व्याज धरून सुरुवातीला खर्च जास्त बसतो. त्यांच्याकडे ऑपरेटिंग लीज असेल तर दरमहा सारखा. वर खर्चाला सरासरी दर, देण्याला शेवटच्या तारखेचा क्लोजिंग दर. एकाच प्लायच्या वाड्याचे असे दोन हिशेब होतात आणि दोन्ही बरोबर असतात.

तुमच्याकडे एखाद्या मीडिया कंपनीचे शेअर असतील, तर वार्षिक अहवालात कन्सॉलिडेटेड हिशेबातली 'इतर इक्विटी'ची नोट आधी उघडा. एफसीटीआरची ओळ दोन-तीन वर्षांची शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यानंतर अध्यक्षांचं भाषण वाचा.