सोयीचा सोमवार

जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा. अमेरिकेत त्याच्या वाढदिवसाची राष्ट्रीय सुट्टी असते, पण २२ तारखेला ती कधीच येत नाही. येऊच शकत नाही. कायद्याने ती फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी बांधून टाकली आहे आणि तिसरा सोमवार कितीही ताणला तरी २१ च्या पुढे जात नाही. राष्ट्रपित्याचा वाढदिवस न चुकता साजरा करायचा आणि न चुकता चुकीच्या दिवशी, हे मला फार आवडतं. (तसा हा गृहस्थ जन्मला तेव्हा तिथल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे ११ तारीख होती. पुढे कॅलेंडर बदललं आणि त्याच्या हयातीतच वाढदिवस सरकला. म्हणजे सवय त्याला होतीच.)

हा उद्योग १९६८ च्या एका कायद्याचा. १९७१ पासून तो लागू झाला आणि वॉशिंग्टन, कोलंबस, रणांगणावर पडलेले सैनिक अशी सगळी मंडळी एका दमात सोमवारी आणून बसवण्यात आली. शनिवार-रविवारला सोमवार जोडला की सलग तीन दिवस मिळतात, लोक गाड्या काढून बाहेर पडतात, हॉटेलं भरतात आणि बुधवारी मध्येच कारखाना बंद ठेवावा लागत नाही. आपल्याकडे सुट्टी रविवारी आली की ती बुडते. नवं कालनिर्णय खिळ्याला लागायच्या आत यंदा किती बुडाल्या याचा हिशेब झालेला असतो. इथे अमेरिकेत ती भानगडच नाही. ४ जुलैसारखी तारखेला चिकटून बसलेली सुट्टी रविवारी आली, तर सरकारी नोकरांना सोमवारी भरपाई मिळते. शनिवारी आली तर शुक्रवारी.

'सरकारी' हा शब्द मात्र नीट वाचायचा. राष्ट्रीय सुट्टी ही मुळात केंद्र सरकारच्या नोकरांची. खासगी मालकाने ती द्यायलाच हवी, असा केंद्राचा कायदा नाही. त्यामुळे टपाल येत नाही, बँक बंद असते आणि दुकानं मात्र दुप्पट उत्साहाने उघडी असतात. वॉशिंग्टनच्या वाढदिवशी गाद्यांचे सेल लागतात. गाद्यांचेच का, कोण जाणे. तीन दिवस लोळायचं तर चांगल्या गादीवर लोळावं, असा हिशेब असेल.

आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहतो, म्हणून लेबर डे मला जरा जास्तच टोचतो. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मे १८८६ ला अमेरिकाभर संप झाला, त्यात शिकागो आघाडीवर. तीन दिवसांनी हेमार्केट भागातल्या सभेत बाँब पडला, पोलीस आणि कामगार दोन्हीकडची माणसं गेली, पुढे खटला आणि फाशी. त्यावरून जगभर १ मे हा कामगार दिन झाला. महाराष्ट्रात तर त्याच दिवशी राज्याचाही वाढदिवस असतो, एका सुट्टीत दोन कामं. आणि जिथे हे सगळं घडलं, त्या शिकागोत १ मे ला मी मुकाट्याने ऑफिसला जाते. अमेरिकेचा कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. ती प्रथा न्यूयॉर्कच्या १८८२ च्या मिरवणुकीपासून होती. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी तिला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा दिला तो जून १८९४ मध्ये. तेव्हा रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीतल्या कामगारांचा संप पेटलेला होता, तोही शिकागोतच. सुट्टीवर सही झाली आणि आठवड्याभरात संप मोडायला लष्कर आलं. आता त्या सोमवारी मिशिगन सरोवराच्या काठावर घराघराच्या ग्रिलचा धूर असतो, मक्याची कणसं भाजली जातात, आणि त्या ग्रिलचा कोळसा ज्या दुकानातून आणला तिथला कामगार बिचारा गल्ल्यावर उभा असतो.

मेमोरियल डेचंही तेच. पूर्वी ३० मे ला सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा हा दिवस. अजून वाहतातही, पण बहुतेकांच्या लेखी तो पोहण्याचे तलाव उघडण्याचा सोमवार. एखादा उत्साही माणूस वर 'हॅपी मेमोरियल डे' म्हणतो. पितृपक्षाच्या कुणी शुभेच्छा दिल्या तर कसं वाटेल, तसं वाटतं.

या सोमवारांना पुरून उरले ते एकटे माजी सैनिक. पहिलं महायुद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता. तीच तारीख माजी सैनिकांच्या दिवसाची. तो ऑक्टोबरातल्या सोमवारी ढकलला, तर त्यांनी आणि अनेक राज्यांनी तो मानलाच नाही. शेवटी १९७८ पासून ११ नोव्हेंबर परत मिळाला. गादी विकणाऱ्यांपुढे टिकायचं तर लढायची सवय हवी.

थँक्सगिव्हिंग गुरुवारचा, पण त्यालाही हलवून झालंय. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० ला. ख्रिसमसच्या खरेदीला दिवसच उरत नाहीत, अशी दुकानदारांची ओरड. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे घेतला. अर्ध्या देशाने ऐकलं, अर्ध्याने नाही. टेक्सासने दोन्ही गुरुवारी सुट्टी घेतली, आणि मला त्यातल्या त्यात हेच शहाणपणाचं वाटतं. दोन वर्षांनी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, चौथा गुरुवार ठरवून वाद मिटवला.

यावर हसायचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या घरचा गणपती चतुर्थीला बसतो, पण मंडळाचा गणपती शनिवारी येतो, कारण शाळेचा हॉल शनिवारी मिळतो. चतुर्थी मंगळवारी असो की गुरुवारी, हॉल महत्त्वाचा. मंडळाची दिवाळी पहाट भर दुपारी झालेली मी पाहिली आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू तर एकदा रथसप्तमी उलटून गेल्यावर, नेमक्या वॉशिंग्टनच्या लाँग वीकेंडला केलं. तिळगूळ कुणी परत केला नाही.

आता दिवाळीही इथल्या कायद्यात शिरू लागली आहे. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून सुट्टी मिळते. पेनसिल्व्हेनियाने त्याच वर्षी राज्याचा सण म्हणून मान्यता दिली, कचेऱ्या मात्र चालूच. शेजारच्या निवृत्त आजोबांना हे कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पण तारीख कुठली?" म्हटलं, दरवर्षी वेगळी, कधी ऑक्टोबर कधी नोव्हेंबर, चंद्रावर अवलंबून. लक्ष्मीपूजनाला अमावास्या लागते.

ते ग्रिलवरचं कणीस उलटवत म्हणाले, "मग अमावास्या सोमवारी घ्या ना."