डीएमव्हीचा छत्तीसचा आकडा

सोमवार, रात्री

कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंग लायसन्सच्या लेखी परीक्षेत नवशिके कमी आणि पंधरा-पंधरा वर्षं दुसऱ्या राज्यात गाडी हाकलेले लोक जास्त गडबडतात. नवशिक्याची पाटी कोरी असते, जुन्याच्या हाताला आधीच्या राज्याचं वळण पडलेलं असतं. प्रश्न ३६, प्रत्येकाला तीन पर्याय, ३० बरोबर हवेत. सहा चुका माफ, सातवीला पुन्हा या. आपल्याकडे पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लग्न उरकतं, डीएमव्ही, म्हणजे तिथलं आरटीओ, तेवढी उदार नाही. मात्र एका अर्जावर तीन संधी मिळतात आणि अर्ज बारा महिने चालतो, त्यामुळे एकदा नापास झालं म्हणून आभाळ कोसळत नाही.

पुण्याचं लायसन्स खिशात घालून बंगळुरात जन्म काढता येतो. अमेरिकेत राज्य बदललं की लायसन्सही बदलायचं, आणि मुदत प्रत्येक राज्याची निराळी. टेक्सास ९० दिवस देतं, न्यू जर्सी ६०, कॅलिफोर्निया फक्त १०. टेक्सासात दुसऱ्या राज्याचं चालू लायसन्स जमा केलं की लेखी परीक्षा माफ होते. कॅलिफोर्निया गाडी चालवून दाखवायची परीक्षा सहसा सोडून देतं, लेखीला मात्र बसवतं. गाडीच्या रजिस्ट्रेशनला २० दिवस, तो वेगळा उद्योग.

मंगळवार

आजचा दिवस कागदांचा. अर्ज ऑनलाइन भरून जायचा, खिडकीवर फक्त तपासणी होते. रिअल आयडी, म्हणजे देशांतर्गत विमानप्रवासातही ओळखपत्र म्हणून चालणारं लायसन्स, हवा असेल तर पासपोर्ट, व्हिसावर असणाऱ्यांना आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची प्रत, सोशल सिक्युरिटी नंबर आणि पत्त्याचे दोन वेगवेगळे पुरावे. भाडेकरार आणि विजेचं बिल ही जोडी चालते. बिल नवऱ्याच्या नावावर आणि अर्ज बायकोचा, अशा वेळी नातं दाखवायला विवाहाचा दाखलाही पिशवीत टाकावा.

खरी मेख नावात असते. आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेकदा एकाच रकान्यात असतं, आडनाव दुसऱ्या. जुन्या राज्याच्या लायसन्सवर मधलं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर, कधी साफ गायब. डीएमव्ही मुक्कामाचा कायदेशीर दर्जा केंद्र सरकारच्या नोंदींशी ताडून बघते. तिथे एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी प्लॅस्टिकचं लायसन्स अडकून पडतं. म्हणून खिडकीपलीकडच्या माणसाने टाइप केलेलं नाव पासपोर्ट समोर धरून अक्षर-अक्षर वाचायचं, मग सही करायची. तिथे घाई करण्यासारखं काहीही नसतं, मागे रांग कितीही असो. व्हिसावर असणाऱ्यांच्या लायसन्सची मुदत मुक्कामाच्या मुदतीबरोबर संपते, हेही तिथेच तपासून घ्यावं.

डोळ्यांची तपासणी त्याच फेरीत होते. दोन्ही डोळ्यांनी मिळून २०/४० दिसायला हवं, म्हणजे निरोगी नजरेला ४० फुटांवरून दिसतं ते २० फुटांवरून तरी. चष्मा लावून पास झालात तर लायसन्सवर तशी अट येते.

बुधवार

बुधवारी बहुतेक ऑफिसं आठऐवजी नऊला उघडतात. आणि दुपारी साडेचारनंतर लेखी परीक्षा सुरू करू देत नाहीत, ऑफिस पाचपर्यंत उघडं असलं तरी.

गुरुवार, उशिरा

हाताचं वळण कुठे कुठे नडतं, ते आज मांडतो.

लाल दिव्यावर उजवीकडे वळणं. न्यूयॉर्क शहरात परवानगीची पाटी नसेल तर ते मना आहे, त्यामुळे तिथून आलेला माणूस 'थांबून राहावे' या पर्यायावर बोट ठेवतो. कॅलिफोर्नियात चाकं पूर्ण थांबवून, पादचाऱ्याला जाऊ देऊन वळता येतं. दिवा लाल बाणाचा असेल तर मात्र अजिबात नाही. एकेरी रस्त्यावरून एकेरी रस्त्यावर असेल तर लाल दिव्यावर डावीकडेही वळता येतं. हे वाक्य जुन्या ड्रायव्हरांना वाचताना खोटं वाटतं, आणि प्रश्न नेमका तिथेच गाठतो.

यू-टर्न. न्यू जर्सीत अनेक चौकांत डावीकडे जायला आधी उजव्या बाजूने बाहेर पडावं लागतं, त्यामुळे सिग्नलवर सरळ यू-टर्न घ्यायची कल्पनाच अंगावर येते. कॅलिफोर्नियात मनाईची पाटी नसेल तर हिरव्या दिव्यावर तो घेता येतो. पिवळी जोडरेघ ओलांडूनही घेता येतो, तसं करणं सुरक्षित असेल तर. पण पिवळ्या जोडरेघांच्या दोन जोड्या दोन फूट किंवा जास्त अंतरावर असतील, तर मधे भिंत आहे असं समजायचं.

शाळेची बस. न्यूयॉर्क राज्यात लाल दिवे लुकलुकले की दुभाजकापलीकडच्या गाड्यांनीही थांबायचं. कॅलिफोर्नियात मधे दुभाजक असेल, किंवा दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असतील, तर समोरून येणाऱ्याला थांबावं लागत नाही. जास्त सावध उत्तर तेच बरोबर, या हिशेबाने जाणारे इथे एक गुण घालवतात. परीक्षा सावधपणा मोजत नाही, नियम विचारते.

मोटारसायकल दोन लेनच्या मधून पुढे काढणं बऱ्याच राज्यांत गुन्हा आहे, इथे कायदेशीर. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, पण टेक्सासहून आलेल्याला आहे.

राहिला फुटांचा गोंधळ. वळण्याआधी १०० फुटांवर सिग्नल द्यायचा. सायकलच्या लेनमध्ये वळण्याआधी फार तर २०० फूट शिरायचं. समोरून गाडी येत असेल तर ५०० फुटांच्या आत, पुढे गाडी असेल तर ३०० फुटांच्या आत हेडलाइटचा वरचा झोत खाली घ्यायचा. अग्निशमनाच्या नळापासून १५ फूट सोडून गाडी लावायची. नुसते आकडे पाठ केले की ऐन वेळी अदलाबदल होते. एक मोटार साधारण १५ फूट लांब असते. म्हणजे नळापासून एक गाडी, सिग्नलला सहा-सात गाड्या, सायकल लेनला तेरा. रस्त्यावर उभ्या गाड्यांची रांग डोळ्यासमोर आणली की आकडा आपोआप जागेवर बसतो.

नेटवरच्या फुकट सराव-परीक्षांवर विसंबू नये. १ जानेवारी २०२५ पासून विम्याची किमान रक्कम (एकाच्या इजेला/एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला/मालमत्तेच्या नुकसानीला) १५/३०/५ ची ३०/६०/१५ हजार डॉलर झाली, आणि पादचारी पट्ट्याच्या अलीकडे २० फुटांत गाडी लावायला दंड सुरू झाला. जुन्या प्रश्नसंचांत जुनीच उत्तरं तळ ठोकून आहेत. डीएमव्हीची ताजी पुस्तिका फुकट मिळते, तीच वाचावी.

रक्तातल्या दारूच्या मर्यादेचे आकडे तीन: साधारण चालकाला ०.०८ टक्के, व्यावसायिक वाहनाला ०.०४, एकवीसच्या खालच्याला ०.०१.

शुक्रवार

चढावर गाडी कशी लावायची, या एका प्रश्नावर अख्खी नोंद. लोक हे पाठ करतात आणि उलटं सांगून येतात. पाठ करू नये, ब्रेक निकामी झाला अशी कल्पना करावी.

चढावर गाडी सुटली तर मागे घसरणार. पुढची चाकं डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या दिशेने वळवून ठेवली, तर घसरताना गाडीचं नाक उजवीकडे येतं आणि पुढच्या उजव्या टायरची मागची बाजू फुटपाथच्या कडेला टेकते. म्हणून चाक वळवल्यावर गाडी दोन-चार इंच मागे येऊ द्यायची, टायर कडेला हलकेच टेकला की हँडब्रेक. उतारावर गाडी पुढे सुटणार, म्हणून चाकं उजवीकडे, कडेत रुतवल्यासारखी. आणि फुटपाथची कड नसेलच, तर चढ असो वा उतार, चाकं उजवीकडे. गाडी सुटलीच तर रस्त्यावर न येता कडेला जावी. सॅन फ्रान्सिस्कोत तीन टक्क्यांच्या वरच्या उतारावर चाकं वळवली नसतील तर दंड होतो. तीन टक्के म्हणजे शंभर फुटांत तीन फूट. डोळ्यांना तो रस्ता सपाटच भासतो.

शनिवार

पास झाल्यावर हातात येतं ते कागदी लायसन्स, तात्पुरतं. त्यावर गाडी चालवता येते, पण विमानतळावर तपासणीत ते ओळखपत्र म्हणून घेत नाहीत, आणि जुन्या राज्याचं लायसन्स तोवर रद्द झालेलं असतं. मधल्या काळात विमानप्रवास असेल तर पासपोर्ट बरोबर ठेवावा. प्लॅस्टिकचं कार्ड टपालाने येतं, त्यामुळे अपार्टमेंटच्या टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी आजच चिकटवावी. आणि दोन महिन्यांत पुन्हा घर बदललं, तर नवा पत्ता कळवायलाही दहाच दिवस.