नोंद १४ : इस्त्री, फ्रीजर आणि रचमनचा ७०

मंडळी, तीन नंबरची वही, म्हणजे सामना बघताना मी भरतो ती बेसबॉलची स्कोअरवही, बचावली. सगळी नाही, पण बचावली. मागच्या नोंदीत आपल्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या होतकरू पोरांचा हिवाळी क्रम लावून देतो म्हणालो होतो. तो राहिला बाजूला. का, ते सांगतो.

१ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, टोरांटो. आदल्या दिवशी सहा इनिंग टाकलेला डॉजर्सचा पिचर यामामोतो नवव्या इनिंगमध्ये पुन्हा माउंडवर. लेक म्हणाली, "बाबा, हा तोच ना? आपल्याला नो-हिटर टाकत होता, एकही हिट देत नव्हता तो?" मी उत्साहात तीन नंबरची वही काढून ६ सप्टेंबरचं पान दाखवायला गेलो आणि अख्खा कप चहा वहीवर. तोही आलं घातलेला, भरपूर दुधाचा.

आता मी मुंबईत वाढलेला माणूस. पावसाळ्यात दप्तर भिजलं की आजी वहीच्या पानांवर पातळ फडकं घालून इस्त्री फिरवायची, आणि वही पापडासारखी कडक होऊन परत मिळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच केलं. एक पान, पालटा, दुसरं पान, पालटा. फडकं पानावर असल्यामुळे खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. अकराव्या पानानंतर सहज मागे उलटून पाहिलं, तर पान कोरं. त्याच्या मागचंही कोरं. छापलेल्या चौकटी शाबूत, चहाचे डागही शाबूत, फक्त माझं अक्षर गायब. तीन मोसमांचं.

दोष माझ्या पेनाचा, म्हणजे माझाच. ज्यांनी नोंद ४ वाचली असेल त्यांना आठवेल, मी पेन्सिल सोडून खोडता येणाऱ्या जेल पेनावर गेलो होतो आणि त्याची केवढी तरफदारी केली होती! पेन्सिल पुसते, फिकी होते, उन्हात चमकते, वगैरे. ते सगळं परत घेतो. या पेनाच्या मागचं रबर शाई खोडत नाही, घासून तापवतं, आणि साधारण ६० अंशांना शाई दिसेनाशी होते. इस्त्री त्याच्या कितीतरी पुढची.

उपाय लेकीनं सांगितला. शाळेत तिच्या वर्गात सगळे हेच पेन वापरतात. "फ्रीजरमध्ये ठेव ना." मी ठेवली. झिपच्या पिशवीत घालून, खवलेला नारळ आणि सुरमईच्या मधल्या जागेत. बायकोनं दोन वेळा फ्रीजर उघडला आणि दोन्ही वेळा काही बोलली नाही, हे जास्त वाईट. ही शाई उणे दहाच्या खाली गेली की परत उमटायला लागते. दुसऱ्या दिवशी पिशवी काढली, आणि पहिल्या पानावर सहा-चार-तीन डबल प्ले (शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, पहिला बेस, एका फटक्यात दोन बाद) धुक्यातून बस यावी तसा समोर आला. मी स्वयंपाकघरात ओरडलोच.

पण खरी भानगड पुढे आहे. फ्रीजरला काय माहीत, मी काय इस्त्रीनं घालवलं आणि काय मुद्दाम खोडलं? त्यानं सगळंच परत आणलं. चुकून लिहिलेली एफ-८ (सेंटर फील्डरकडे उंच झेल), त्यावर दुरुस्त केलेली एल-८ (त्याच्याचकडे सपाट झेल), दोन्ही एकावर एक. आणि समासात, प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे, मी स्काउट लोकांच्या वीस-ऐंशीच्या मापात (५० म्हणजे सरासरी, ८० सर्वोत्तम) दिलेले गुण. सगळे गुण. खोडलेले, बदललेले, पुन्हा बदललेले. आठ दिवस भिंग घेऊन मी माझीच खाडाखोड वाचत बसलोय.

कोणता गुण आधीचा, कोणता नंतरचा, हे कोडं चार संध्याकाळी सुटेना. शाईचा गडदपणा बघून काही कळत नाही, जुनं-नवं सारखंच फिकट. मग लक्षात आलं, रिफिल! २०२३ मध्ये माझ्याकडे काळी होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती संपली आणि निळी आणली. २०२५ मध्ये लेकीच्या कंपासमधली जांभळी ढापली. म्हणजे काळा थर, निळा थर, जांभळा थर. निळ्यावर निळं असेल तिथे अजून अडकलोय. बाकीचं सुटलं.

तर जॅक्सन हॉलिडे. काळ्यात ७०. साहजिक आहे. २०२२ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिला, २०२३ मध्ये एका मोसमात मायनर लीगच्या चार पायऱ्या चढला, सरासरी .३२३. बोवीला, ओरिओल्सच्या खालच्या संघाच्या मैदानात, मी त्याला दोनदा पाहिला होता, आणि तिथल्या फळ्यांच्या बाकावर शेजारच्या माणसाला हात वर करून सांगितलं होतं की हा पोरगा वेगळा आहे. मग १० एप्रिल २०२४, बॉस्टनमध्ये पदार्पण, पहिल्या दहा सामन्यांत ३४ पैकी २ हिट, १८ स्ट्राइकआउट, २६ तारखेला परत नॉरफोकला, ट्रिपल-ए संघात, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली. निळ्यात ५०. त्याच्या खाली निळ्यात ६५, कारण ३१ जुलैला परत आला आणि पहिलाच होम रन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना), तोही स्टेडियमच्या भिंतीपलीकडच्या यूटॉ स्ट्रीटवर. त्यावर आणखी काहीतरी निळं आहे, ५५ असावं. मोसम .१८९ वर संपला होता. जांभळ्यात ६०.

वीस वर्षांच्या पोराचे गुण मी पाच महिन्यांत तीनदा फिरवले. शेअर बाजारात असा वागलो असतो तर आज रस्त्यावर असतो. आणि २०२५ चा हिशेब काय सांगतो? १७ होम रन, .२४२, वय २१. हा चिंतेचा खेळाडू नाहीच. जो घसा कोरडा करून "हॉलिडे फुकट गेला" म्हणतोय त्यानं त्या वयाचे स्वतःचे फोटो बघावेत.

कोबी मेयोचं पान त्याहून वाईट. २०२४ मध्ये ४१ पैकी ४. माझा निळा शेरा: "एएए बॅट." तुम्हाला अर्थ माहीत आहे, ट्रिपल-एमध्ये राजा आणि वर आल्यावर रंक. हे मी एकेचाळीस पाळ्यांवरून लिहिलं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याची बॅट बोलायला लागली तेव्हा मी शेरा गुपचूप खोडून टाकला होता. फ्रीजरनं चव्हाट्यावर आणला. कावझरचंही तेच: २०२३ मध्ये .११५, शेरा "बाहेरचे स्लायडर कायम छळणार". पुढच्या वर्षी २४ होम रन आणि रूकी ऑफ द इयरमध्ये दुसरा. २०२५ ला चार दिवसांत अंगठा मोडला, सरासरी .१९६. याच्याबद्दल मी आता काहीच बोलत नाही.

कर्स्टाडबद्दल बोलवत नाही, ते वेगळं. २०२० चा दुसरा क्रमांक, मग हृदयाच्या स्नायूला सूज, एक पूर्ण वर्ष गेलं. परत आला, ॲरिझोना फॉल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला. २०२४ च्या जुलैत यांकीजविरुद्ध हेल्मेटवर चेंडू. २०२५ मध्ये .१९२ आणि जूनमध्ये खाली. त्याच्या नावापुढे एकच आकडा आहे, काळा ५५, आणि मी तो कधी खोडला नव्हता. खोडायची हिंमत झाली नव्हती, असं म्हणा.

आणि आता रचमन.

आमचा कॅचर ॲडली रचमन. त्याच्या नावापुढे काळ्यात ७० आहे. निळं काही नाही, जांभळं काही नाही. भिंगातून पाहिलं, पान तिरकं धरून खिडकीशी पाहिलं. खाडाखोड नाही. तीन मोसम ७०.

त्याच पानांवर खाली मीच भरलेल्या चौकटी आहेत. २०२३ मध्ये २० होम रन आणि ९२ वॉक. २०२४ मध्ये वॉक ५८ वर. त्या वर्षीच्या १९ होम रनपैकी १६ मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार विश्रांतीआधीचे; नंतर तीन, आणि सरासरी .२०७. २०२५ मध्ये .२२०, नऊ होम रन, जूनमध्ये डाव्या कुशीचा स्नायू दुखावला, ऑगस्टमध्ये उजव्या. हे सगळं माझ्या हातानं लिहिलंय. पोरांचे गुण मी एका वाईट आठवड्यावर पाडले, आणि याची दीड वर्षाची घसरण डोळ्यांसमोर असून समासाला हात लावला नाही.

कारण शोधायला दोन नंबरची वही काढली. (ती पेन्सिलीची. नटराज, लाल-काळ्या पट्ट्यांची, आईनं आणलेली. एक अक्षर हललेलं नाही.) २१ मे २०२२ चं पान, टॅम्पाविरुद्ध, त्याचं पदार्पण. पहिली हिट ट्रिपल. २०१८ मध्ये आमच्या संघाच्या ११५ हार, २०२१ मध्ये ११०, आणि मग हा माणूस प्लेटच्या मागे उभा राहून स्टेडियमभर नजर फिरवतो आणि सगळे उठून उभे. आम्ही चार जण होतो, चौघेही रडलो, त्यातला एक तर नॅशनल्सचा चाहता. त्या ट्रिपलची रेघ मी इतकी दाबून काढली आहे की मागच्या पानावर उमटलीय. असा ७० कोण खोडतो?

पण मला समजून घ्यायचं होतं, बिघडलं काय. माझा संशय असा: २०२३ चा रचमन चेंडूची वाट बघायचा, २०२४ च्या उत्तरार्धापासून तो चेंडूच्या मागे जातोय. वॉकचा आकडा त्याच बाजूनं बोलतो. पडताळायला चौकटीतले चेंडूंचे छोटे खण हवेत, पहिला बॉल, पहिला स्ट्राइक, कितव्या चेंडूवर बॅट फिरली. २०२३ चे खण भरलेत. २०२४ चे? कोरे. इस्त्रीमुळे नाही. आळसामुळे. "सध्या निकाल लिहू, चेंडू नंतर बघू," असं मीच नोंद ७ मध्ये लिहिलं होतं. फ्रीजर न लिहिलेलं परत आणत नाही.

हो, प्रत्येक चेंडूची नोंद बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर पडलेली आहे, माहीत आहे. आठवडाभर तेही चाळेन. पण मला चेंडू कुठे पडला एवढंच नकोय, मला तेव्हा काय दिसलं होतं ते हवंय. खांदा आधी उघडत होता का? फाउल कुठे जात होते? कॅचरचं शरीर, वर्षाला शेकड्यानं इनिंग गुडघ्यांवर, त्यात डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फलंदाजी म्हणजे दोन वेगवेगळे स्विंग सांभाळायचे, त्यात दोन्ही कुशींची दुखणी. २७ मार्च २०२५ ला टोरांटोत त्यानं दोन होम रन मारले तेव्हा मी जांभळ्यात "आला!" लिहिलंय. तेही परत उमटलंय, कारण मे महिन्यात मी ते खोडलं होतं.

इथपर्यंत लिहून जेवायला उठलो आणि बातमी आली. आमचा पिचर ग्रेसन रॉड्रिगेझ एंजल्सला, बदल्यात त्यांचा बॅटर टेलर वॉर्ड. एकास एक.

म्हणजे आता सगळा बेत बदलला. ग्रेसनचं पान मी शेवटी ठेवलं होतं. काळ्यात ७०, निळ्यातही ७० (२०२४ मध्ये १३-४, वीस सामने), मग कोरं, कारण २०२५ च्या मोसमात तो एकाही सामन्यात चेंडू टाकू शकला नाही. वॉर्डचे २०२५ मध्ये ३६ होम रन, पण करार त्यानंतर एकाच वर्षाचा उरला होता. आधीच पिचरचा दुष्काळ. पिचर बर्न्स संघ सोडून गेला तेव्हाच कळायला हवं होतं की बॅटर पिकवायचे आणि पिचर बाजारातून आणायचे हे गणित महाग पडतं. माझं मत विचाराल तर सौदा घाईचा आहे. पण मत देणाऱ्या या माणसाचा समास तुम्ही आत्ताच वाचलात.

शिवाय बसायो. आठ वर्षांचा करार, ६७ मिलियन डॉलर, वय २१, आणि तोही कॅचर. ३१ सामन्यांत .१६५, म्हणजे जुना मी असतो तर एव्हाना ४५ लिहून मोकळा झालो असतो. आता नाही. मागे क्रमवारीत याला पहिला ठेवणार होतो, अजूनही ठेवेन. पण मग रचमनचं काय, डीएच, म्हणजे नुसती फलंदाजी? पहिला बेस मेयोचा, की माउंटकॅसलचा? क्रमवारी लावण्याआधी हे सोडवावं लागेल, आणि ते माझ्या हातात नाही.

तर नवा बेत. सामना पेन्सिलीनं. गुण शाईच्या साध्या पेनानं, तारखेसकट, वर्षातून तीनदाच: ओपनिंग डे, ऑल-स्टार, मोसमाचा शेवट. खोडायचं नाही, खाली नवा लिहायचा. चेंडूंचे खण फक्त रचमन आणि हॉलिडेचे भरणार. नऊ जणांचे भरायला गेलो की जूनमध्ये दम जातो, हा अनुभव. पहिली नोंद काल केली. रचमन, ५५. लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

राहिलं ६ सप्टेंबरचं पान, ज्याच्यामुळे हे सगळं झालं. चहा थेट त्याच्यावर पडला होता, इस्त्री सर्वात आधी त्याच्यावर फिरली होती. ते काल रात्री पूर्ण उमटलं. आमच्या बाजूला आठ इनिंगभर एकही हिट नाही, दहा के (स्ट्राइकआउट). नवव्या इनिंगमध्ये दोन बाद. तिथे तळाच्या समासात, जांभळ्यात, माझ्या सर्वात सुबक अक्षरात: "यामामोतो. नो-हिटर. मी हजर." हे मी त्याचा ११२ वा चेंडू पडायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. मग हॉलिडेनं तो उजवीकडच्या भिंतीच्या जेमतेम वरून काढला, आणि मी रबरानं घासघास घासलं. पुढच्या चौकटी वाचता येत नाहीत इतक्या वेड्यावाकड्या आहेत: जेरेमाया जॅक्सनचा डबल, हेंडरसनला चेंडू लागला, माउंटकॅसल वॉक, कावझर वॉक, रिव्हेराची सिंगल. ४-३, आम्ही जिंकलो.

आता पानावर दोन्ही आहे, नो-हिटरही आणि हॉलिडेचा होम रनही. फ्रीजरमधून काढून ते लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, चहा लांब ठेव." सुरमई आज रात्री आहे.