खारी हवा, गंजलेला ब्रिज आणि चार मापं

मांडवीचा समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. रत्नागिरीत राहणाऱ्याला गंज काही नवा नाही. खिडकीच्या कड्या, सायकलची चेन, आईचं शिलाई मशीन, सगळ्याला खारी हवा लागतेच. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात त्या धातूच्या भागाला, लागायला सहा वर्षं गेली. गणपतीतल्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या आणि लक्षात आलं, की आर्म, म्हणजे ब्रिज हलवून सूर खाली-वर करायचा दांडा, एकदा दाबून सोडला की गिटार सुरात परत येतच नाही. तिसरी तार चढलेली, सहावी उतरलेली. तारांची उंची कमी-जास्त करायला गेलो तर सॅडलवरचे (ब्रिजवर प्रत्येक तार ज्या छोट्या तुकड्यावर टेकते त्यावरचे) बारीक स्क्रू गंजून जाम. ॲलन कीने त्यांचे कोन झिजले, पण स्क्रू जागचे हलले नाहीत.

"स्प्रिंगा आवळ आणि ब्रिज घट्ट बसवून टाक," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण आर्म मला हवाच होता. भावगीतांच्या मधल्या तुकड्यात हवाईयन गिटारवर जी मींड येते, तिच्या जवळ जाणारं काहीतरी मी आर्मवर काढतो. हलक्या हाताने दाबत एका सुरावरून खाली उतरायचं, आणि गाणाऱ्याचा पुढचा शब्द बरोबर तिथे येऊन टेकतो. त्या एका जागेसाठी मी ही गिटार घेतली होती.

गिटार साधीच आहे, पण घडण स्ट्रॅटोकास्टरची. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली, तेव्हापासून या ब्रिजची मूळ कल्पना तीच आहे. वरची प्लेट पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकून डुलते. प्लेटखाली धातूचा ठोकळा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तारा या ब्लॉकमधून वर येतात आणि ब्लॉकला मागच्या खाचेतून स्प्रिंगा ओढून धरतात. नऊ-बेचाळीसचा, म्हणजे पातळ तारांचा, सेट सुरात लावला की सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोंचा ताण देतात, आणि तो तोलून धरायचं काम स्प्रिंगांचं. फेंडरने याला ट्रेमोलो म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. सूर वर-खाली होतो त्याला व्हायब्रॅटो म्हणतात. पण सत्तर वर्षं तेच नाव चाललंय, त्यामुळे पार्ट शोधताना ट्रेमोलो असंच लिहावं लागतं.

मीही तसंच शोधलं. सहा स्क्रूंचा स्टीलचा ब्रिज दिसला, फोटो माझ्या ब्रिजसारखाच होता, मागवला. आल्यावर शेजारी ठेवला तर दोन गोष्टी जुळेनात. माझ्या गिटारची जाडी ४० मिलिमीटर आणि नव्या ब्रिजचा ब्लॉकच ४२ चा. बसवला असता तर पाठीमागून बाहेर आला असता. शिवाय त्याच्या दोन टोकांच्या स्क्रूंमधलं अंतर ५६ मिलिमीटर, माझ्या बॉडीवर ५२.५. पाकीट उघडलंय म्हणून विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. पैसे अडकले, पंधरा दिवस गेले, आणि गणपती महिन्यावर आले.

म्हणून हे आधीच सांगतो. जुना ब्रिज हातात घेऊन व्हर्नियरने चार मापं घ्या. दोन टोकांच्या स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर, प्लेटच्या खालून ब्लॉकची उंची, आणि जुनाच आर्म वापरणार असाल तर त्याच्या आट्याची जाडी. इंची आणि मेट्रिक आटे दिसायला सारखे वाटतात. दोन वेढे जातातही, आणि मग अडकतात. जोर लावाल तर ब्लॉकमधले आटे गेलेच म्हणून समजा. दुसऱ्यांदा मी ५२.५ चा आणि ३६ च्या ब्लॉकचा ब्रिज मागवला आणि तो नीट बसेल असाच निघाला.

जुना काढताना आधी सगळ्या तारा सैल केल्या, मग काढल्या. पाठीमागच्या स्प्रिंगा नोज प्लायरने धरून एकेक सोडवल्या, दुसरा हात वर आडवा धरून, कारण स्प्रिंग सुटली की थेट डोळ्याकडे येते. पाच स्क्रू निघाले. सहाव्याचं डोकं तुटून हातात आलं. प्लेट उचलल्यावर त्याचा तीनेक मिलिमीटर दांडा वर दिसत होता. त्यावर सोल्डरिंगचं इस्त्रीसारखं तापलेलं टोक मिनिटभर टेकवून ठेवलं. लाकडाचा वास यायला लागला तसा थांबलो, आणि ग्रिप प्लायरने घट्ट पकडून पाव-पाव वेढा मागे-पुढे केला. करकर आवाज करत आला एकदाचा बाहेर. त्याच्या आट्यांत काळपट लाल पूड भरलेली होती.

खरा दोष तेव्हा दिसला. स्क्रूंची भोकं गोल राहिलीच नव्हती, तारांच्या ओढीने लांबट झाली होती. स्क्रू त्यात हलायचे, मग प्लेट दर वेळी थोड्या वेगळ्या जागी टेकायची. नवा ब्रिज तसाच बसवला असता तरी सूर हललाच असता.

गिटार घेऊन आळीतल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली नव्हती. उलटी-सुलटी करून पाहिली, भोकांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "मऊ लाकूड आहे रे बाळा, शिसवीच्या गुज्या मारू." शिसवीच्या तुकड्यातून त्यांनी सहा गोल काड्या तासल्या. भोकं सहा मिलिमीटरची केली, फार हळू, कारण ब्लॉकच्या खाचेची कड अगदी लागून आहे आणि तिथून लाकूड चिरू शकतं. फेव्हिकॉल लावून गुज्या ठोकल्या. पावसाळी हवा, म्हणून एक नाही, दोन रात्री वाळू दिल्या.

नवी भोकं पाडायची वेळ आली तसा मी जुन्या जागांच्या खुणा दाखवायला लागलो. काका म्हणाले, "आधी सूत बघूया." नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या, पहिल्या आणि सहाव्या खाचेतून त्यांनी पांढरे दोरे नव्या ब्रिजच्या टोकाच्या सॅडलपर्यंत ताणले. वाकून, एक डोळा मिटून, दोन्ही दोरे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहिलं. मी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंतचं) अंतर मोजलं, ३२४ मिलिमीटर. त्याची दुप्पट ६४८. पहिल्या तारेच्या सॅडलचा माथा तेवढ्यावर यायला हवा, आणि मागे सरकायला जागा उरायला हवी. ब्रिज केसभर डावीकडे घेतला, तेव्हा काकांनी मान डोलावली. मग अडीच मिलिमीटरचं ड्रिल. स्क्रूंच्या आट्यांना मेणबत्ती घासून घेतली, तर ते लोण्यात शिरावेत तसे गेले.

सहाही स्क्रू आवळून टाकायचे नसतात. टोकाचे दोन प्लेटला जेमतेम टेकवले, मधले चार जरा वर ठेवले. प्लेट मोकळी डुलली पाहिजे.

घरी येऊन तारा लावल्या, ॲम्प सुरू केला, तर घरघर. स्प्रिंगांची दुसरी टोकं ज्या लोखंडी क्लॉला अडकतात त्याला डाग दिलेली अर्थिंगची वायर काढाकाढीत तुटली होती. ओळखायची खूण सोपी: तारांना बोट लावूनही घरघर कमी होत नाही. माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंगने डाग बसेना, क्लॉचं लोखंड सगळी उष्णता पिऊन टाकतं. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून ६० वॅटचं आणलं, जागा पॉलिश पेपरने घासली, आणि डाग चकचकीत बसला.

आता तोल. एक तार चढवली की ब्रिज उचलला जातो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या पाच लावा, तोवर पहिली उतरलेली. पहिल्या संध्याकाळी दोन तास मी हेच करत बसलो. यावर उपाय पाचरीचा. ब्लॉक आणि खाचेची मागची भिंत यांच्या मध्ये लाकडाची पाचर घातली, इतकी की प्लेटची मागची कड बॉडीपासून ३ मिलिमीटर वर राहील. मग ब्रिज उचलला जात नाही आणि सगळ्या तारा निवांत सुरात लावता येतात. त्यानंतर क्लॉचे दोन स्क्रू आळीपाळीने पाव-पाव वेढा आवळत गेलो. एका वेढ्याला पाचर आपोआप सैल होऊन मांडीवर पडली. ट्यूनर पाहिला, तर सहाही तारा जागच्या जागी. तीन स्प्रिंगा पुरल्या.

सॅडल मागे-पुढे करणं त्या मानाने सरळ. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात. उंची सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटर ठेवली. एवढं होऊनही तिसरी तार आर्म सोडल्यावर किंचित चढी राहायची. ती नटमध्ये अडकत होती: आर्म दाबला की तार खुंटीकडे सरकते आणि परत येताना खाचेत थांबते. मऊ पेन्सिलचं शिसं त्या खाचेत घासलं, तेव्हा तीही यायला लागली.

आता वाजवून झालं की कपड्याने ब्रिज पुसतो, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सॅडलच्या प्रत्येक स्क्रूला आईच्या मशीनच्या तेलाचा थेंब, सुईच्या टोकावर घेऊन.

पहिला, न बसलेला ब्रिज कपाटात तसाच होता. चिपळूणच्या एका मुलाने मागितला. म्हटलं, आधी मापं पाठव. रात्री त्याचा मेसेज आला: जाडी ४५, स्क्रूंमधलं अंतर ५६. सकाळच्या एसटीने पाठवून दिला.